रंग : पांढरा

निविदेच्या एक्केचाळिसाव्या पानावर, सातव्या ओळीत लिहिलं होतं : ‘रंग : पांढरा’. एकोणीस वर्षं त्या ओळीवरून कितीतरी डोळे फिरले होते. कुणालाच ती खुपली नव्हती.

वस्तू साधी होती. तेल शोषणारी चटई, दोन हात लांब आणि हातभर रुंद. सरकारी तेल कंपनीच्या धक्क्यावर जहाजातलं तेल उतरवताना ते कुठे ना कुठे गळतंच; नळीच्या सांध्याशी, पंपाखाली, कधी थेट पाण्यावर. तिथे ही चटई टाकतात. ती तेल पिते आणि पाणी सोडून देते. भरली की उचलायची, दुसरी टाकायची. वर्षाला हजारो लागतात. आजवर त्या प्लास्टिकच्या धाग्यांच्या येत : तेलापासूनच बनलेल्या, तेल पिऊन शेवटी भट्टीत जाणाऱ्या.

त्या वर्षी कंपनीने नवं धोरण आणलं. लिफ्टमध्ये हिरव्या पानाचं पोस्टर लागलं. यापुढे वस्तू घेताना किमतीबरोबर आणखीही गोष्टींना गुण मिळणार होते : ती कशापासून बनली, कुणी बनवली, आणि वापरून झाल्यावर ती कुठे जाणार. धोरणाखालची पहिली निविदा चटयांची निघाली. ती आली खरेदी विभागातल्या एका बाईंकडे, ज्यांना ऑफिसात मागून चाळणीबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या टेबलावरून चुकीचा कागद पुढे सरकलेला कुणाला आठवत नव्हता.

निविदा तिघांनी भरली. दोन मोठ्या कारखान्यांनी, दोघेही प्लास्टिकवाले. आणि एका गादीवाल्याने.

चाचणीच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. प्रयोगशाळा आवाराच्या टोकाला, जुन्या पंपघरात होती. तिथवर चालत जाताना तेलाच्या अवाढव्य टाक्या एकामागून एक धुक्यातून वर येत आणि मागे विरून जात. बाईंना वाटलं आपण उभ्याच आहोत, टाक्याच चालल्या आहेत. आत काचेच्या छताखाली एक उथळ हौद होता. केमिस्टने त्यात मोजून तेल सोडलं होतं. मधोमध ते दाट, काळं होतं; कडेला मात्र पसरत पसरत इतकं पातळ झालं होतं की त्याचं वजन संपून नुसते रंग उरले होते. जांभळा, मोरपिशी, मधेच एखादी पिवळी शीर. कुणी जवळ येऊन श्वास सोडला तरी ते रंग जागा बदलत.

निविदा भरणारे दोरीच्या पलीकडे उभे होते. निकाल लागेपर्यंत त्यांनी अधिकाऱ्यांशी आणि अधिकाऱ्यांनी त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. गादीवाला सत्तरीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला. उजव्या हाताच्या पेरांवर सुईने झालेले घट्टे. शेजारी त्याची सून, छातीशी फाइल धरून. निविदेचे सगळे अर्ज तिनेच संगणकावर भरले होते.

“पोरी,” गादीवाला सुनेला म्हणाला, हौदापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, “त्यांना म्हणावं, आपली चटई पालथी टाका.”

“बाबा, त्यांच्याशी बोलायचं नाही. कागदात लिहिलंय.”

“मी कुठे बोलतोय त्यांच्याशी? तुझ्याशी बोलतोय.”

लेकी बोले सुने लागे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे सुनेला बोललेलं कंपनीला लागत होतं. केमिस्टने मुकाट्याने चटई पालथी केली. बाईंनी मान खाली घालून हसू गिळलं.

चटई केसांची होती. शहरातल्या चाळीस सलूनमधून झाडून आणलेले केस. धुऊन, पिंजून, बारीक जाळीत भरून, गादीला घालतात तसे टाके घातलेले. दोन्ही प्लास्टिकच्या चटया पाण्यावर पडल्या आणि चटकन भरल्या. केसांच्या चटईला घाई नव्हती. ती आधी नुसतीच तरंगली, झोपेत कूस बदलावी तशी जराशी वळली. मग तिच्या आजूबाजूचे रंग हळूहळू तिच्याकडे निघाले. आधी जांभळा गेला. मग काळा दाट पट्टा, सावकाश, बोलावल्यासारखा. तिच्यामागे साधं पाणी उरत गेलं, ज्यात छताची काच दिसत होती.

बाई पाहत राहिल्या. किती डोकी असतील या एका चटईत? मुलाखतीला निघालेल्या कुणाचे केस, इस्पितळात भरती होणाऱ्या कुणाचे. आपण मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात कापले, तेही यात असतील. खुर्चीत डोळे मिटून बसलेली ती सगळी माणसं आता इथे, या हौदात, एकमेकांत गुंतून शांतपणे तेल पीत होती.

“पाण्यात केस गळणार नाहीत ना?” एका कारखान्याचा प्रतिनिधी आपल्या सोबत्याला म्हणाला, केमिस्टला ऐकू जाईल असा. त्याला टक्कल पडू लागलं होतं.

“पोरी, त्यांना म्हणावं, गळणारे निराळे. आपले शिवलेले आहेत.”

केमिस्टने वजनं घेतली. अट वजनाच्या पाचपट तेल ओढण्याची होती. केसांच्या चटईने सहापट ओढलं होतं, प्लास्टिकच्या दोघींनी अकरापट. पण धोरणाचे गुण धरले की केसांची चटई सरळ वर जात होती. बाईंनी ते मनातल्या मनात दोनदा मांडून पाहिलं. बरोबर होतं.

दुपारी त्या तक्ता भरायला बसल्या. हा तक्ता म्हणजे तिथल्या कामाचा कणा. एका बाजूला अट, दुसऱ्या बाजूला निविदेत काय आलं ते, आणि शेवटी ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’. तिसरं काही लिहायला रकाना नाही. जागा ठेवली की माणूस लिहितो, म्हणून ती ठेवलेलीच नाही. लांबी जुळते. रुंदी जुळते. जाडी, वजन, शोषण जुळते. मग सातवी ओळ आली. दोन्ही कारखान्यांनी लिहिलं होतं, पांढरा. सुनेने लिहिलं होतं : ‘ज्या डोक्याचा जो असेल तो.’

बाईंचं पेन थांबलं.

एक ‘जुळत नाही’ म्हणजे निविदा बाद. आणि नियमात पुढे आणखी एक वाक्य होतं : वस्तूच्या कसोटीवर बाद झालेल्याला तीन वर्षं कंपनीची कुठलीही निविदा भरता येणार नाही. गादीवाल्याला सत्तरीनंतर तीन वर्षं थांबायला सांगणं म्हणजे काय, हे बाईंना कळत होतं. पर्यावरणासाठी काढलेली पहिली निविदा प्लास्टिकच्या पदरात पडणार होती, तीही रंगावरून.

असेल काही कारण, म्हणून त्या अभिलेख खोलीत गेल्या. मागच्या वेळच्या निविदेत रंगापुढे लिहिलं होतं, ‘मागीलप्रमाणे’. त्याच्या मागच्या वेळी, मागीलप्रमाणे. कंपनीत या शब्दासारखा भरवशाचा शब्द नव्हता. जे एकदा तपासणीतून सुटलं ते पुन्हा का हलवा? अकरा फाइली त्यांनी खाली काढल्या. खोलीला खिडकी नव्हती. वर्षामागून वर्षं उलटत त्या मागे मागे गेल्या, कागद पिवळे होत गेले, आणि तळाच्या फाइलीत त्यांना आपलंच अक्षर भेटलं. गोल, टापटिपीचं, नोकरीच्या पहिल्या वर्षाचं.

मग सगळं आठवलं. साहेबांनी सांगितलं होतं, चटईच्या अटी लिहून आण. त्यांनी तशी चटई जन्मात पाहिली नव्हती. भांडारातून एक नमुना आला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पट्टीने मोजला, कँटीनच्या काट्यावर तोलला, नाकाशी नेला, आणि जे जे होतं ते ते लिहिलं. शेवटी ‘वास : नाही’ असंही लिहिलं होतं. साहेबांनी हसून तेवढं खोडलं होतं. रंग राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. समोर कुणी बोलत असलं तरी हाताने तो काच पुसत असे.

“तुला जे दिसलं ते तू लिहिलंस,” तो म्हणाला. “त्यात चुकलं काय?”

“काय दिसतंय ते लिहायचंच नव्हतं. काय हवंय ते लिहायचं होतं.”

त्याने काच उजेडाकडे धरली. “माझ्याकडे येतात ना लोक. समोरची अक्षरं पाठ करून येतात आणि घडाघडा म्हणून दाखवतात. नंबर चुकतोच.”

“म्हणजे मी पाठ करून गेले?”

“तू नाही ग. तुझ्यानंतरचे.”

त्याने बाईंना बरं वाटलं नाही.

ऑफिसात विभागाचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएमसाहेब, यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. लिफ्टमधलं पोस्टर त्यांनीच लावून घेतलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“एवढंच ना? मग अट का आहे, याचं कारण शोधा. एकोणीस वर्षं चालली म्हणजे कारण असणारच.”

“अट मी घातली, साहेब. कारण नव्हतं.”

“तेव्हा नसेल. आता शोधा.”

“आणि नाहीच मिळालं तर?”

“मग ती मधेच गाळता येईल का? तुम्हीच सांगा.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “कुठलाही रंग चालतो हे आधी माहीत असतं तर आणखी चौघांनी निविदा भरली असती. ते विचारतील. सगळी निविदा रद्द करून नव्याने काढावी लागेल. मग कुणीच बाद नाही.”

“पहिलीच निविदा रद्द! वर काय तोंड दाखवू मी? आणि रद्द का, तर कुणीतरी लेखी द्यायला हवं. कोण देणार? तुम्ही? तुमची बढतीची फाइल आत्ता वर गेलीय, बाई. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घ्यायचा का?” त्यांनी आवाज उतरवला. “धक्क्यावर जाऊन या. मुकादमाला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं.”

धक्क्यावर दुपार तरंगत होती. जहाज इतकं जवळ आणि इतकं मोठं होतं की ते जहाज न वाटता, आकाशालाच कुणी लोखंडाची भिंत घातल्यासारखं वाटत होतं. मुकादम नळीच्या सांध्याशी उकिडवा बसला होता. तीस वर्षं तो चटया टाकत आणि उचलत आला होता.

“पांढऱ्याच कशाला लागतात हो चटया?” बाईंनी विचारलं.

मुकादमाने हात पुसले. “पांढरी असली की भरलेली दिसते. बदलायची कधी ते कळतं.”

किती सोपं होतं. बाईंनी वहीत वाक्य उतरवून घेतलं. एका ओळीचं, नेटकं, कुठल्याही तपासणीत टिकणारं. ते कुणीतरी भेट दिल्यासारखं त्यांच्या हातात आलं होतं. गादीवाला बाद झाला असता, पण सकारण. आणि त्यांचं जुनं अक्षरही बरोबर ठरलं असतं.

त्यांनी निघायला हवं होतं. निघाल्या नाहीत. वहीत लिहिलेलं समोर घडताना पाहायची त्यांना सवय होती. मुकादम लांब आकडा घेऊन काठाकाठाने निघाला, तशा त्या मागे गेल्या. तो एकेका चटईचं टोक आकड्याने उचलायचा आणि परत सोडायचा, किंवा ओढून वर घ्यायचा. तोंड मात्र मागे, क्रेनवाल्याकडे.

“अरे, हळू की! काय बारशाचा पाळणा हलवतोयस?” तो ओरडत होता आणि हात आपलं काम करत होता. एकदाही त्याने खाली पाहिलं नाही.

“तुम्ही बघतच नाही,” बाई म्हणाल्या.

“काय बघायचंय? तेलात पडली की पाच मिनिटांत सगळ्या काळ्या. हाताला कळतं.”

“मग मघाशी मला सांगितलंत ते?”

मुकादम थांबला. मग हसला, पकडला गेलेला माणूस हसतो तसा, पण ओशाळून नाही. “मघाशी तुम्हाला कारण हवं होतं. साहेबांचा फोन आला होता, बाई येतायत, एखादं कारण द्या. आणखी दोन आहेत माझ्याकडे. देऊ?”

“नको.”

“एक तर फार चांगलं आहे. पक्ष्यांचं.”

“नको म्हटलं ना.”

त्याने आकडा पुढे केला. “मग हे धरा. उचलून बघा तरी.”

बाईंनी उचललं. चटईचं वजन आकड्यातून मनगटात आलं आणि मनगटातून खांद्यात. कुठेतरी, कधी ते सांगता येणार नाही, पण ती भरली आहे हे त्यांना समजलं. त्यांनी डोळे मिटलेले होते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

परत येऊन त्यांनी वहीतलं पान फाडलं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, तारीख घातली, आणि टिपण लिहायला घेतलं. अकरा ओळींचं झालं. रंगाची अट अमुक साली आपण स्वतः घातली. ती वस्तूची गरज नसून समोरच्या नमुन्याचं वर्णन होतं. धक्क्यावरच्या कामात रंगाचा उपयोग होत नाही हे प्रत्यक्ष पाहिलं. तरी निविदा रद्द करून ही ओळ वगळून नव्याने काढावी. सही केली. तक्त्याच्या सातव्या ओळीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तक्त्यात एक रकाना कोरा राहण्याची ती पहिली वेळ.

जीएमसाहेब तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी निविदा रद्द झाली. पाचव्या दिवशी बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं, आणि महिन्याभरात बढतीची फाइल वरून खाली आली, पान न उलटता. जीएमसाहेब वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, “सांगितलं होतं ना बाई.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, प्रवासात डबा विसरलेल्या माणसाला म्हणावं तसं ते म्हणाले.

बाईंची बदली भंगार विभागात झाली. जुने व्हॉल्व्ह, गंजलेल्या नळ्या, बंद पडलेले पंप यांची यादी करून ते विकायला काढायचे. तिथे वस्तू जशी आहे तशीच लिहावी लागते. एक हँडल तुटलेलं, झाकण नाही, आत चिमणीचं घरटं. लोक म्हणाले, बाईंना शिक्षा झाली. काम त्यांना जमलं.

नवी निविदा सहा जणांनी भरली. आठवडाभर कुणाला काही कळलं नाही. मग निकाल लागला : धक्क्यावरच्या चटया, म्हणजे एकूण कामाचा तिसरा हिस्सा, गादीवाल्याला. बाकीचं दुसऱ्या कुणाला.

त्या रविवारी बाई त्याच्या कारखान्यात गेल्या. त्या आता खरेदीत नव्हत्या, तेव्हा बोलायला आडकाठी नव्हती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, उंच छपराची, एका भिंतीला केसांची पोती आढ्यापर्यंत लागलेली. उन्हाचा पट्टा तिरपा आत आला होता आणि त्यात बारीक केस तरंगत होते, इतके हलके की ते वर जातायत की खाली, हे ठरत नव्हतं. मधोमध गादीवाला पिंजण घेऊन बसला होता. तार वाजली की ढिगातला काळा-करडा ढग फुगून उठायचा.

“पोरी, खुर्ची आण. त्या दोरीपलीकडच्या बाई आल्यात.”

सुनेने खुर्ची आणली, ओढणीने पुसली. “मॅडम, आता बोललेलं चालतं ना?”

“आता चालतं.” बाई बसल्या. मग म्हणाल्या, “मला एक सांगायचं होतं. आधीची निविदा ज्या अटीमुळे अडली, ती मी लिहिली होती. एकोणीस वर्षांपूर्वी. चुकून.”

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. गादीवाल्याचा हात तारेवरच थांबला होता.

“एकोणीस वर्षं?” तो म्हणाला. “आणि कुणी परत आलं नाही?”

“नाही.”

“आमच्यात गादीत बारीक खडा राहिला तरी गिऱ्हाईक सकाळी दारात उभं असतं.” तो तिरकस बोलत नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं. “तुमच्या त्या गादीवर कुणी झोपतच नव्हतं म्हणायचं.”



“बाबा, ती अट त्यांनीच काढायला लावली ना,” सून म्हणाली. “आपण बादच झालो होतो. तीन वर्षं.”

“ते कळलं मला.”

“झाला असतात बाद, तर काय केलं असतंत?” बाईंनी विचारलं.

“काय करणार? गाद्या भरल्या असत्या.”

“गाद्या कोण भरून घेतं आता?”

“कुणी नाही,” गादीवाला म्हणाला आणि त्याने तार छेडली.

आवाज भिंतींना लागून परत आला. केसांचा ढग उठला, उन्हाच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबल्यासारखा झाला. “चारशे द्यायच्यात पहिल्या खेपेला,” सून सांगत होती, “महिन्यात. त्यातला तिसरा दिवस आज.” गादीवाल्याने पुन्हा तार छेडली. बाईंनी उठायचं ठरवलं होतं, पण त्या बसून राहिल्या.